कारचा हॉर्न बंद पडलाय किंवा बदलायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या कारसाठी आहे, मग गाडी पेट्रोलची असो, डिझेलची किंवा सीएनजीची. वायरींचे रंग, फ्यूजची जागा आणि बंपर उघडायची पद्धत गाडीगणिक बदलते. त्यामुळे गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक हाताशी ठेवा.

हॉर्न अचानक वाजेनासा झाला. नवा आणून बसवू का?

थोडं थांबा. नवा हॉर्न आणून बसवला आणि तोही वाजला नाही, असं फार वेळा होतं. कारण बिघाड फ्यूजमध्ये, रिलेत (बटणाच्या छोट्या करंटवर हॉर्नचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), गंजलेल्या कपलरमध्ये (वायर हॉर्नला जोडणारा प्लग) किंवा अर्थिंगमध्ये (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी वाट) असतो. गाडीला दोन हॉर्न असतील आणि दोन्ही एकाच दिवशी गप्प झाले असतील, तर हॉर्नवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. दोन कॉइल (हॉर्नमधल्या तारेच्या गुंडाळ्या) एकाच क्षणी जळणं दुर्मीळ आहे. दोन्हींना करंट पोचवणारी वाट मात्र एकच असते. उलट आवाज येतोय पण पूर्वीसारखा भरदार नाही, किरकिरा झालाय, तर बहुधा जोडीतला एक हॉर्न गेलेला असतो.

पहिली तपासणी कानाने करा. इग्निशन ऑन, इंजिन बंद. एकाने स्टीअरिंगवरचं बटण दाबायचं आणि दुसऱ्याने फ्यूज बॉक्सपाशी कान द्यायचा. बटण दाबताक्षणी बारीक 'टिक' ऐकू आली, तर रिले उचलतोय. म्हणजे बटण, स्टीअरिंगमधली केबल आणि रिलेची कॉइल ठीक आहे. दोष पुढे आहे. टिक आलीच नाही, तर फ्यूज, रिले, बटण या बाजूला शोधा. एवढ्या एका आवाजावरून अर्धी गाडी शोधायचं काम वाचतं. काही नव्या गाड्यांत हॉर्न इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलवरून चालतो आणि टिक ऐकूच येत नाही. तिथे थेट हॉर्नच्या कपलरपासून तपासायला लागा.

फ्यूज आणि रिले घरी तपासता येतात का?

येतात, आणि त्याला पाच मिनिटं लागतात. फ्यूज बॉक्स साधारण दोन जागी असतो: ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ डॅशबोर्डखाली आणि बोनेटमध्ये बॅटरीशेजारी. झाकणाच्या आतल्या नकाशात हॉर्नचं चित्र शोधा. काही गाड्यांत हॉर्नचा फ्यूज ब्रेकलाइट किंवा हॅझर्ड लाइटबरोबर सामायिक असतो. हॉर्नसोबत तेही बंद असतील, तर दोषी सापडलाच.

पात्यांच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. जितक्याचा निघाला तितक्याचाच बसवा. १५ उडतोय म्हणून ३० चा घालणं किंवा चॉकलेटची चांदी गुंडाळून काम भागवणं म्हणजे फ्यूजऐवजी वायरिंग जाळायची तयारी आहे. कृपया हे करू नका, गाड्या अशाच पेटतात.

नवा फ्यूज बटण दाबताच पुन्हा उडाला, तर दोन्ही हॉर्नचे कपलर काढा, फ्यूज बदला आणि बटण दाबा. आता फ्यूज टिकला तर हॉर्न आतून शॉर्ट आहे. कपलर निघालेले असूनही उडाला, तर वायर कुठेतरी बॉडीला घासून उघडी पडली आहे. हेडलाइटच्या मागे आणि रेडिएटरच्या सपोर्टवर, जिथे वायरिंग पत्र्याच्या कडेवरून जातं, तिथे आधी पाहा.

रिले तपासायला उपकरण लागत नाही. त्याच बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असतो. तो हॉर्नच्या जागी लावून पाहा. पायांची संख्या आणि वर छापलेला नंबर दोन्ही जुळले पाहिजेत.

हॉर्नपाशी करंट येतोय की नाही, हे नक्की कसं कळेल?

मल्टिमीटर इथे फसवतो. आतून गंजून एका तारेवर लटकलेली वायरसुद्धा मीटरवर १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. म्हणून जुने वायरमन अजूनही बल्ब वापरतात. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या आणि त्याला दोन वायरी लावा. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे कच्ची वायर लगेच उघडी पडते.

हॉर्नचा कपलर काढा, बल्बच्या दोन वायरी कपलरच्या दोन पिनांना लावा आणि कुणाला तरी बटण दाबायला सांगा. बल्ब लख्ख पेटला तर वायरिंग ठीक, हॉर्न खराब. मंद पेटला तर मध्ये कुठेतरी गंज. पेटलाच नाही, तर बल्बची अर्थची वायर कपलरमधून काढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. आता पेटला तर करंट येतोय, फक्त अर्थ तुटली आहे.

कपलरला एकच वायर असेल तर तो हॉर्न अर्थ आपल्या पट्टीतून, म्हणजे ब्रॅकेटच्या बोल्टमधून घेतो. हा बोल्ट गंजला की हॉर्न मुका होतो. बोल्ट काढा, पट्टी आणि पत्रा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, परत घट्ट आवळा आणि वरून थोडं ग्रीस लावा. बंपर रंगवून आणल्यावर हॉर्न बंद पडला, तर याच बोल्टखाली नवा रंग गेला नाही ना, ते आधी पाहा.

कपलर हातात आलाच आहे तर त्याच्या आत नीट बघा. पितळी पिनांवर हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर तिथे पाणी शिरलंय. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे दोन-तीन वर्षांच्या गाडीतही ती दिसते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून जुन्या टूथब्रशने घासा, वाळू द्या. पिन सैल झाली असेल तर बारीक पकडीने किंचित दाबून घ्या.

हॉर्न सुटा काढून थेट बॅटरीवर वाजवून पाहिला तर चालेल?

चालेल, आणि अंतिम निकाल तोच. फक्त तीन गोष्टी पाळा. पॉझिटिव्हच्या वायरीत १५ अँपिअरचा फ्यूज असू द्या. ठिणगी पडते, म्हणून शेवटचा जोड बॅटरीवर न देता हॉर्नच्या टोकाशी द्या. आणि हॉर्न हातात न धरता त्याची पट्टी व्हाइसमध्ये किंवा जाड पकडीत धरा, कारण मोकळा हॉर्न बरोबर वाजत नाही. साध्या विजेच्या हॉर्नला पॉझिटिव्ह-निगेटिव्ह कसेही लावले तरी तो वाजतो. हवेच्या कॉम्प्रेसरवाल्याला मात्र दिशा असते.

पावसाळ्यात हॉर्नचा आवाज घोगरा होतो. का?

हॉर्नच्या आत एक कॉइल, पोलादी पडदा आणि दोन पॉइंट असतात. करंट आला की कॉइल पडद्याला ओढते, पडदा सरकताना पॉइंट उघडतो, करंट तुटतो, पडदा परत येतो आणि पॉइंट पुन्हा जुळतो. सेकंदाला चारशे-पाचशे वेळा हे चालतं, त्याचाच तो आवाज. पॉइंटवर ओल, गंज किंवा काजळी आली की ही लय बिघडते: आवाज घोगरा होतो, अडखळतो किंवा नुसती 'टक' येऊन थांबतो.

बऱ्याच हॉर्नच्या पाठीवर एक लहान स्क्रू असतो, त्यावर रंग किंवा मेण लावलेलं असतं. तो पॉइंटचं अंतर बदलतो. स्क्रूच्या मूळ जागेवर मार्करने खूण करा, मग एका दिशेला फक्त अष्टमांश फेरा फिरवा, एक सेकंद वाजवा, ऐका. सुधारला नाही तर दुसऱ्या दिशेला. खुणेपासून पाव फेऱ्यापलीकडे जाऊ नका. चुकीच्या दिशेला जास्त फिरवल्यास पॉइंट सुटतच नाहीत आणि कॉइल सलग तापत राहते. आवाज जमला की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, पाणी आत जाणार नाही. पडदाच गंजून फाटला असेल तर या खटपटीला अर्थ नाही, हॉर्न बदला.

गाडी धुताना जाळीतून प्रेशरचं पाणी थेट हॉर्नवर मारू नका. ट्रम्पेट (शंखाच्या आकाराच्या) हॉर्नच्या पोटात पाणी साठून तो गप्प झाला असेल, तर काढून तोंड खाली करून तासभर ठेवा. बहुतेक वेळा बोलू लागतो.

हॉर्नसोबत एअरबॅगचा दिवाही लागलाय आणि स्टीअरिंगवरची बटणंही चालत नाहीत.

हे क्लॉक स्प्रिंग तुटल्याचं लक्षण आहे. स्टीअरिंगखाली घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टीची केबल असते; स्टीअरिंग फिरलं तरी हॉर्न, बटणं आणि एअरबॅग यांचं कनेक्शन तीच टिकवते. स्टीअरिंग एका बाजूला वळवल्यावरच हॉर्न वाजत असेल, तरीही हाच संशय घ्या.

हे काम घरी करू नका. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला मीटरची पिनसुद्धा लावायची नसते, कारण तेवढ्या करंटनेही ती फुटू शकते. शिवाय नवी केबल मध्यावर न बसवता लावली तर पहिल्या पूर्ण वळणाला तुटते. सगळ्यात गंभीर म्हणजे हा दिवा लागलेला असताना अपघात झाला तर ड्रायव्हरची एअरबॅग उघडेल याचा भरवसा नाही. हॉर्नचं राहू द्या, यासाठी गाडी आजच दाखवा.

हॉर्न आपोआप वाजायला लागला आणि थांबतच नाही!

हॉर्नचा रिले किंवा फ्यूज उपटा. सापडत नसेल तर १० नंबरच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. मग शांतपणे कारण शोधा. रिले उपटल्यावर आवाज थांबला आणि दुसरा रिले लावल्यावर सुरू झाला नाही, तर जुन्याचे पॉइंट चिकटले होते. दुसऱ्या रिलेनेही वाजत राहिला तर बटणाची वायर बॉडीला टेकली आहे, किंवा बटणाचा पॅड दबून राहिलाय. मे महिन्याच्या उन्हात उभ्या गाडीत पॅडचं प्लास्टिक वाकून असं होतं. घट्ट शिवलेलं स्टीअरिंग कव्हर पॅडवर चढलं असेल तर आधी ते काढून पाहा. हल्लीच बाहेरून नवा पाच पायांचा रिले बसवला असेल, तर हॉर्नची वायर रिलेच्या ८७ क्रमांकाच्या पायाऐवजी मधल्या '८७ए'वर गेली आहे का बघा. तो पाय रिले बंद असतानाच जोडलेला असतो.

नवा घ्यायचाच तर डिस्क की ट्रम्पेट?

डिस्क हॉर्न चपटा, गोल. कमी जागेत बसतो, पाणी सहन करतो आणि साधारण ३ ते ५ अँपिअर घेतो. आवाज टोकदार असतो. ट्रम्पेट म्हणजे गोगलगायीच्या शंखासारखा. आवाज भरदार आणि गोल, करंट ५ ते ७ अँपिअर. जागा असेल आणि हायवेवर जाणं जास्त असेल तर ट्रम्पेटची जोडी घ्या. ट्रकच्या बंद केबिनपर्यंत जाड आवाज जास्त पोचतो.

जोडीच घ्या, एक लो आणि एक हाय. पाठीवर 'एल' आणि 'एच' असं लिहिलेलं असतं. साधारण ४०० आणि ५०० हर्ट्झची ही जोडी म्हणजे ४ ला ५ हे प्रमाण, गाणाऱ्यांच्या भाषेत सा आणि शुद्ध गंधार. म्हणून ती एकत्र वाजली की कानाला भरीव लागते. दोन 'हाय' लावले तर आवाज कर्कश होतो, आणि लांब पोचण्यात फारसा फायदा होत नाही: एकासारखाच दुसरा हॉर्न जोडल्याने जेमतेम ३ डेसिबल वाढतात.

डब्यावरचे डेसिबल वाचताना अंतर बघा. नावाजलेल्या कंपन्या, उदाहरणार्थ कोइमतूरची रूट्स, बॉश, हेला किंवा मिंडा, यांचे हॉर्न साधारण १०५ ते ११८ डेसिबलचे असतात, आणि हे माप २ मीटरवरचं असतं. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतात, म्हणजे २ मीटरवर ११० असलेला हॉर्न ८ मीटरवर ९८. रस्त्यावरच्या स्टॉलवर '१५० डीबी' असं छापलेला डबा दिसला, तर तो आकडा सोडून द्या. १२ व्होल्टचा आहे ना, तेही बघा. ट्रकसाठीचे २४ व्होल्टचे हॉर्न कारमध्ये धड वाजत नाहीत.

नव्या हॉर्नला रिले आणि वेगळं वायरिंग लागतंच का?

मूळ हॉर्नच्याच जातीचा, तितकेच अँपिअर घेणारा हॉर्न लावत असाल तर नाही. जुना काढा, नवा लावा. पण एका डिस्कच्या जागी ट्रम्पेटची जोडी लावत असाल तर नक्की लागतं. दोन ट्रम्पेट मिळून १२ अँपिअर ओढतात, आणि मूळ वायर बहुतेक वेळा एवढ्यासाठी नसते. वायरीत आणि जोडांत मिळून फक्त ०.१ ओहमचा अडथळा असला तरी १२ अँपिअरला १.२ व्होल्ट तिथेच संपतात. मग महागडा हॉर्न आजारी माणसासारखा बोलतो आणि दोष कंपनीला जातो.

जोडणी अशी करायची. साहित्य: १२ व्होल्टचा चार पायांचा ३० किंवा ४० अँपिअरचा रिले, त्याचं सॉकेट, २० अँपिअरचा फ्यूज होल्डरसह, जाड कामासाठी २.५ चौरस मिमीची आणि कॉइलसाठी ०.७५ चौरस मिमीची तांब्याची वायर, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक), हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). काम सुरू करताना बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि ते सगळ्यात शेवटी लावा.

रिलेचा पाय ३० बॅटरीच्या पॉझिटिव्हला जातो, मध्ये फ्यूज. हा फ्यूज बॅटरीपासून एक वीतभर अंतरात हवा, कारण त्याच्या अलीकडची वायर बिनसंरक्षित असते. ८७ वरून दोन्ही हॉर्नच्या एकेका टोकाला वायर. हॉर्नची उरलेली टोकं बॉडीच्या घासून साफ केलेल्या बोल्टला किंवा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. ८६ आणि ८५ हे गाडीच्या मूळ हॉर्नच्या कपलरमधल्या दोन पिनांना. मूळ कपलर एका वायरचा असेल तर ८६ त्याला आणि ८५ बॉडीला. रिलेच्या अंगावर डायोडची (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाची) खूण असेल तर ८६ ला पॉझिटिव्हच आलं पाहिजे. गाडीत मुळात दोन हॉर्न असतील तर एकच कपलर वापरा, दुसरा टेप गुंडाळून बांधून ठेवा.

आता मूळ वायरिंगला फक्त रिलेच्या कॉइलचा भार आहे, सुमारे ०.१५ अँपिअर. एकही वायर कापावी लागली नाही. म्हणून वॉरंटीतल्या गाडीत हाच मार्ग धरा. कपलरसकट तयार हार्नेस (वायरींचा जोडलेला संच) बाजारात मिळतं, तेही चांगलं. वायरीला टोचून पिळलेले जोड मात्र कुणालाही करू देऊ नका, पहिल्या पावसात ते हिरवे होतात.

हॉर्न कुठे आणि कसा बसवायचा?

मूळ जागी, म्हणजे जाळीच्या मागे किंवा बंपरच्या कोपऱ्यात. काही गाड्यांत जाळीच्या वरचे क्लिप काढले की हात पोचतो, काहींत पूर्ण बंपर उतरवावा लागतो. बंपर उतरवताना फॉगलॅम्पचे कपलर आधी काढा, नाहीतर ओढले जाऊन तुटतात.

हॉर्नसोबत आलेली पत्र्याची पट्टी टाकून हॉर्न थेट चॅसिसला आवळू नका. ती पट्टी लवचिक ठेवलेली असते, कारण हॉर्नच्या अंगाला थरथरायला मोकळीक लागते. हॉर्न कंडेन्सरला (रेडिएटरसमोरच्या एसीच्या जाळीला), बंपरला किंवा दुसऱ्या हॉर्नला टेकला तर आवाज फाटतो; चहूबाजूंनी बोटभर जागा सोडा. ट्रम्पेटचं तोंड पुढे आणि खाली झुकलेलं हवं. वर तोंड केलेला ट्रम्पेट म्हणजे पावसासाठी ठेवलेली वाटी. आणि रेडिएटरच्या अगदी समोर मोठी जोडी लावून हवा अडवू नका, उन्हाळ्यात एसीवर परिणाम होतो.

प्रेशर हॉर्न किंवा म्युझिकल हॉर्न लावला तर?

लावू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११९ प्रमाणे एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा किंवा अवाजवी कर्कश, मोठा, दचकवणारा आवाज करणारा हॉर्न खासगी गाडीला चालत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या मानकांचा भंग झाला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि लायसन्स ३ महिन्यांसाठी जाऊ शकतं. लो आणि हाय एकाच वेळी वाजणारी जोडी यात येत नाही, कारण तिचे सूर एकत्र येतात, एकामागून एक नाही.

२०२१ मध्ये नाशिकला नितीन गडकरी यांनी हॉर्नसाठी बासरी, तबला अशा भारतीय वाद्यांचे आवाज आणायचा विचार बोलून दाखवला होता. त्या भाषणाच्या आधारावर तबल्याचा हॉर्न बसवून आरटीओसमोर उभं राहता येत नाही.

नियमातला हॉर्नसुद्धा विनाकारण किंवा सतत वाजवला, किंवा 'हॉर्न वाजवू नका'च्या पाटीपाशी वाजवला, तर कलम १९४एफ प्रमाणे पहिल्यांदा १,००० आणि पुढच्या वेळी २,००० रुपये दंड आहे. शांतता क्षेत्रात, आणि निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६, आणीबाणीखेरीज हॉर्न वाजवायचाच नाही. हॉर्नची खरी गरज आंबोली, वरंधा, ताम्हिणीसारख्या घाटात, धुक्यातल्या आंधळ्या वळणावर असते, आणि तिथे एक छोटा, स्वच्छ आवाज पुरतो.

इलेक्ट्रिक कारमध्ये हीच पद्धत चालते का?

हॉर्न तिथेही १२ व्होल्टच्या लहान बॅटरीवर चालतो, त्यामुळे फ्यूज आणि कपलर तपासणं सारखंच. नारिंगी रंगाच्या केबल्सना मात्र हात लावू नका, आणि जादा वायरिंग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडूनच करून घ्या.

नवा हॉर्न लावला, पण आवाज दबका येतोय.

मीटर हॉर्नच्या दोन टोकांना लावा आणि हॉर्न वाजत असताना आकडा वाचा. इंजिन बंद असताना ११.५ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना १३ च्या पुढे हवा. १०.५ च्या खाली असेल तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं हॉर्नच्या पॉझिटिव्हला लावून हॉर्न वाजवा. इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर दोष पुरवठ्याच्या वायरीत. तसंच हॉर्नची अर्थ आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात मोजा. जास्त आलं तर अर्थचा बोल्ट पुन्हा घासा. दोन्हीकडे ठीक असेल आणि तरी दबका असेल, तर बॅटरीच कमकुवत आहे किंवा हॉर्न कशाला तरी टेकलाय.

जोडीतला एकच वाजत असेल तर दोघांचे कपलर अदलाबदल करा. मुका हॉर्न मुकाच राहिला तर तो बदलून घ्या. मुकेपणा दुसऱ्याकडे गेला तर वायर तपासा. बिल आणि डबा मात्र तोवर टाकू नका, आणि जुना हॉर्न वाजत असेल तर तो जपून ठेवा.